तीन इमोरी आणि त्यांचं खाणं : टोकियोतल्या निशी-कासाईच्या घरातल्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

वही सुरू करायचं कारण म्हणजे लेकीच्या शाळेचं 'जियू केन्क्यू'. जपानी शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी आपल्या आवडीचा विषय घेऊन संशोधन करून आणायचं असतं. नावात 'स्वतंत्र संशोधन' आहे. ते किती स्वतंत्र असतं ते पाचवीतल्या पोरांच्या आयांना विचारा. तिची वही जपानीत होईल. ही माझी मराठीत, सांगलीला सासऱ्यांना फोटो काढून पाठवता यावी म्हणून.

विषय ठरला: आपले तीन इमोरी काय खातात आणि त्यांनी काय खायला हवं.

इमोरी म्हणजे इथला लाल पोटाचा न्यूट. पाठ काळपट तपकिरी, पोट शेंदरी आणि त्यावर काळे डाग. लांबी आपल्या मधल्या बोटाहून जरा जास्त. सासऱ्यांना फोनवर "पाण्यातली पाल" म्हणून सांगितलं होतं, ते चूकच. हा पालीचा कुणी नाही, बेडकाच्या नात्यातला आहे: उभयचर, अंगावर खवले नाहीत, कातडी ओली. गंमत म्हणजे जपानी माणसांनीही ही जोडी लावलीच आहे. इमोरी म्हणजे विहीर राखणारा आणि यामोरी, म्हणजे पाल, घर राखणारी.

आपल्याकडे सह्याद्रीत शेपटीवाला उभयचर एकही नाही. हिमालयातला न्यूट दार्जिलिंगच्या बाजूला सापडतो. आपल्या वाट्याला आलंय ते देवगांडूळ. तेही उभयचरच, पण हात ना पाय, आणि ते खातं गांडूळ. सासऱ्यांना ही माहिती फार आवडली.

१५ जून, रविवार

वजनं घेतली. सोनाराकडे असतो तसला लहान डिजिटल काटा ऑनलाइन मागवला होता. त्यावर ओला प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा, आकडा शून्य करायचा, मग प्राणी आत. हात आधी धुऊन ओले करायचे आणि नंतर साबणाने पुन्हा धुवायचे. यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, म्हणजे फुगू माशातलंच विष. हाताळल्याने काही होत नाही, पण तो हात डोळ्याला किंवा तोंडाला लावायचा नाही. लाल पोट हीच त्यांची धोक्याची पाटी आहे.

बकासुर ७.८ ग्रॅम. ठोंब्या ३.४. हळदी ४.२.

नावं लेकीची. बकासुर आणि ठोंब्या नवऱ्याने गेल्या वर्षी दुकानातून आणले. हळदी शेजारच्या इमारतीतल्या एका जपानी काकांच्या घरी अंड्यातून निघालेली. ते ओसाकाला गेले तेव्हा आमच्याकडे आली. तिचं पोट शेंदरी नाही, पिवळं आहे.

आज वजन घेताना खालून नीट पाहिलं. शेपटीच्या मुळाशी नराला असतो तसा फुगवटा बकासुराला नाही. बकासुर बाई आहे. नाव बदलायला लेक तयार नाही.

२१ जून, शनिवार

आजवरचा आहार लिहिताना थोडी लाज वाटतेय. वर्षभर गोठवलेले आकामुशी, रोज संध्याकाळी एक वडी. बाकी काही नाही.

आकामुशी म्हणजे लाल अळ्या. डासासारखी दिसणारी पण न चावणारी एक माशी असते, तिच्या या अळ्या डबक्याच्या तळातल्या चिखलात राहतात. रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असल्यामुळे लालभडक. बाजारात त्या चॉकलेटच्या वड्यांसारख्या पाकिटात गोठवलेल्या मिळतात. दोष असा की त्यांत पाणी भरपूर आणि कॅल्शियम अगदीच कमी. आवडीने खाल्ल्या जातात, मऊ असतात, चिमटा नको की काही नको. आम्हीही आळशी.

दुसरा दोष आमच्या सवयीचा होता. वडी तशीच टाकीत सोडायचो. वितळताना लाल पाणी टाकीभर पसरायचं, उरलेल्या अळ्या दगडांच्या फटीत कुजायच्या आणि तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं. आता वडी चहाच्या गाळणीत घेऊन टाकीच्याच पाण्यात वितळवते, लाल पाणी सिंकमध्ये सोडते आणि अळ्या तेवढ्या देते. (गाळणी वेगळी ठेवलीय, निळ्या दांड्याची. सासूबाई येण्याआधी तिच्यावर जपानीत आणि मराठीत लिहून ठेवायला हवं.)

नवऱ्याच्या मनगटाला हे करताना खाज सुटते आणि पुरळ येतं. मला वाटायचं, टाळाटाळ. पण या अळ्यांची ॲलर्जी खरोखर असते, तीही त्या हिमोग्लोबिनचीच. म्हणजे हे काम आता कायमचं माझ्याकडे.

२८ जून, शनिवार

आई (सासूबाई) आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा.

२९ जून, रविवार

आईंनी टाकीपुढे खुर्ची ओढली आणि अर्धा तास काही न बोलता पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "हा बारका मॅममध्ये आहे."

आई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. मॅम म्हणजे मध्यम कुपोषित, सॅम म्हणजे तीव्र. दर महिन्याला वजन, वाढीचा तक्ता, हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. मी म्हटलं, आई, न्यूटचा असा तक्ता नसतो. "मग वरून बघ. पोट डोक्याएवढं रुंद हवं. याचं डोकं मोठं, पोट आत गेलेलं, शेपटीच्या मुळाशी हाड दिसतंय. आणि ती तुझी बकासुर, तिला खांद्यापासून घडी पडलीय." बरोबर. मी रोज बघते आणि मला हे दिसलं नव्हतं.

त्यांना अळ्यांचं सांगितलं. म्हणाल्या, "पोर बिस्किटं आवडीनं खातंय म्हणून तीनही त्रिकाळ बिस्किटंच घालायची का गं?"

लेकीने हे वाक्य जपानीत करून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

२ जुलै, बुधवार

गांडुळं आणली. न्यूटच्या मुख्य जेवणाला गांडुळाच्या तोडीचं दुसरं काही नाही. त्यात प्रथिनं चांगली, आणि पोटात माती व पालापाचोळा असल्यामुळे कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ अळ्या-किड्यांपेक्षा कितीतरी बरा. उद्यानातून खणून आणता आली असती, पण तिथे कीटकनाशक मारतात की नाही कुणास ठाऊक. म्हणून स्टेशनजवळच्या गळाच्या दुकानात गेले. माशांच्या आमिषासाठी ती लहानशा डब्यात मातीसकट मिळतात. दुकानदाराने कुठे मासे धरता म्हणून विचारलं. खरं सांगितल्यावर फार खूश झाला, त्याच्या लहानपणी भाताच्या खाचरांत इमोरी ढिगाने असायचे म्हणाला. आता हा प्राणी पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे. खाचरांचे पाट सिमेंटचे झाले की यांना ना अंडी घालायला जागा, ना वर चढायला काठ.

संध्याकाळी पहिला प्रयोग. बकासुराने तुकडा झडप घालून घेतला आणि पुढच्या क्षणी थुंकला. मग तोंड दगडावर घासलं, एकदा या बाजूने, एकदा त्या. हळदीनेही तेच. ठोंब्या जवळच आला नाही.

गळाच्या दुकानातलं गांडूळ म्हणजे पट्टेवालं, गांडूळखताच्या वाफ्यातलं. दुखावलं की ते पिवळा, घाण वासाचा रस सोडतं. त्याच्या शास्त्रीय नावातच 'फेटिडा', म्हणजे दुर्गंधी, आहे. 'शेतकऱ्याचा मित्र' एवढंच शाळेत शिकलो होतो, मित्राला वास येतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

घरात साबुदाणा. टाकीतही उपास. हा काही भक्तीचा भाग नाही. पूर्ण वाढलेल्या न्यूटला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. थंड रक्ताचा प्राणी, अंग तापवायला खर्च नाही, दिवसचे दिवस एका जागी बसून काढतो. आम्ही रोज देत होतो, कारण काचेजवळ गेलं की बकासुर धावत येऊन तोंड वर करते. आई म्हणतात ती भूक नव्हे, सवय.

आता सोमवार, गुरुवार, शनिवार. बकासुराला त्यातही कमी.

८ जुलै, मंगळवार

वार नाही, तरी ठोंब्यापुरता अपवाद केला, त्याला उपास परवडणारा नाही.

पद्धत सापडली. एक गांडूळ घ्यायचं, जुन्या कात्रीने दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तुकडा न्यूटच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड नको. मग वाटीत पाणी घेऊन तांदूळ धुतो तसे धुवायचे, पिवळा रस यायचा थांबेपर्यंत. चार-पाच पाणी लागतात. मग आकामुशीच्या लाल पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायचे. जे पाणी सिंकमध्ये ओतत होते तेच आता फोडणीसारखं वापरतेय.

चिमटा बांबूचा. स्टीलच्या टोकावर झडप घातली तर तोंडाला लागतं.

ठोंब्या असा खातो: तुकडा समोर धरला की आधी मान थोडी तिरकी. मग एक पाऊल. मग थांबतो, अगदी बोटभर अंतरावर, आणि गळ्याखालची कातडी भराभर वरखाली होते. तो वास घेतोय. इथे चिमटा हलला तर संपलं, वळून निघून जातो. अजिबात हलला नाही तरीही निघून जातो. अगदी किंचित, आपली नाडी हलवेल एवढाच थरथरायला हवा. मग टप्. तोंड उघडतं आणि पाण्याबरोबर तुकडा आत ओढला जातो, जीभ वगैरे काही दिसत नाही. दात चावायला नाहीत, नुसते धरून ठेवायला. गिळताना दोन्ही डोळे आत बुडतात आणि पुन्हा वर येतात, मोठा घास घेतलेल्या माणसासारखे.

पहिला तुकडा रात्री ९.४० ला. दुसरा थुंकला. तिसरा खाल्ला. मी चाळीस मिनिटं वाकून बसले होते. कंबर धरलीय.

१२ जुलै, शनिवार

वाईट दिवस. लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

घाईत होते, ऑफिसचा फोन चालू होता. तिघांना एकाच वेळी टाकीत तुकडे सोडले. ठोंब्या तुकड्यापाशी पोचला, बकासुर मागून आली आणि तुकड्याऐवजी ठोंब्याचा पुढचा डावा पंजा धरला. न्यूट चावलं की सोडत नाही, अंगाला पीळ देऊन ओढतं. मी पाण्यात हात घातला तोवर पंजाची बाहेरची दोन बोटं गेली होती. पुढच्या पंजाला यांना चारच बोटं असतात.

बकासुराचा दोष नाही. पाण्यात वास पसरला की हलेल ते खाणं, असंच तिला कळतं. दोन दिवस उपाशी ठेवून सगळ्यांना एका जागी वाढलं मी.

लेक रडली. आईंनी तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, "पंगतीत बसवायची घाई केलीस."

१३ जुलै, रविवार

विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. औषध काही नाही. पाणी स्वच्छ, थंड, वेगळा डबा, आणि खाणं बंद पडू द्यायचं नाही. "बोटं येतील," ते इतक्या सहज म्हणाले की नखं वाढतील म्हणावं तसं.

येतात खरंच. घरी येऊन लेकीने आणि मी वाचून काढलं. हात-पाय, शेपटी, डोळ्याचं भिंगसुद्धा. गोरो एगुची या जपानी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच जातीच्या न्यूटच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं आणि अठराही वेळा ते नवं आलं, शेवटचंही कधीच न काढलेल्या भिंगाइतकंच चांगलं. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही मंडळी अंतराळातही जाऊन आलीत. १९९४ मध्ये जपानची पहिली महिला अंतराळवीर चिआकी मुकाई कोलंबिया यानातून गेली, तेव्हा बरोबर लाल पोटाचे न्यूट होते.

आईंना या सगळ्याचं कौतुक वाटलं, पण प्रश्न त्यांचा नेहमीचाच: "बोटं नवी करायची म्हणजे त्याला जास्त प्रथिनं लागणार. आहे का अंगात?" वजन ३.५. नाही.

यापुढे तिघांना वाढायचं ते तीन वेगवेगळ्या डब्यांत. तळाला काही नाही, तीन बोटं पाणी, वीस मिनिटं. खाऊन झालं की परत टाकीत. उरलेलं ड्रॉपरने उचलायचं. टाकीतलं पाणी आपोआप स्वच्छ राहायला लागलं हा फायदा नंतर कळला.

२० जुलै, रविवार

सुट्टी लागली. बाल्कनीत गांडुळांचा डबा केला. झाकणाला भोकं, तळाला ओला पुठ्ठा, वर नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यावर गाजराच्या आणि दुधीच्या साली. कांदा, लसूण, लिंबाच्या साली नाहीत. अंड्याची टरफलं भाजून मिक्सरमध्ये पूड करून चमचाभर मिसळली.

टरफलाचं कारण असं: गोम-किडे खाणाऱ्या जमिनीवरच्या प्राण्यांना खाण्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून देतात. आपले पाण्यात खातात, पूड धुऊन जाते. म्हणून जे द्यायचं ते गांडुळाच्या पोटातून. आईंच्या भाषेत, आईला सकस आहार दिला की तो बाळाला पोचतो.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. आणि फ्रीजरचा प्रश्न उभा राहिला, ज्याची मी महिनाभर वाट बघत होते.

वरच्या कप्प्यात खोवलेलं खोबरं, मटार, पुरणाचा गोळा. खालच्या कप्प्यात, दोन पिशव्यांत आणि एका डब्यात बंद, आकामुशी. इतके दिवस आईंच्या लक्षात आलं नव्हतं. आज खोबरं काढताना डबा उघडला. काही बोलल्या नाहीत. झाकण लावलं, हात धुतले. चहा झाल्यावर म्हणाल्या, "त्यांना कुठं श्रावण असतो. पण खोबरं तेवढं दुसरीकडं ठेव." आता खोबरं शेजारच्या तेलुगू वहिनींच्या फ्रीजरमध्ये आहे. त्यांना खरं कारण सांगितलेलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

मिजिन्को, म्हणजे पाणपिसवा. बादलीभर पाणी उन्हात ठेवून हिरवं केलं होतं, त्यात लेकीच्या मैत्रिणीकडून आणलेले वीस-पंचवीस जीव सोडले. दहा दिवसांत बादलीत ढगच. भिंगाखाली त्यांचं काळीज धडधडताना दिसतं आणि पाठीवरच्या पिशवीतली पिल्लंसुद्धा. लेकीने सहा पानं चित्रं काढली, इमोरीला विसरली.

हे पोटभरीचं जेवण नव्हे, कोशिंबीर समजा. पण कवच असतं, मागे पळायला लागतं, आणि त्यांनी हिरवं शेवाळ खाल्लेलं असल्यामुळे कॅरोटिनॉइड मिळतात. इमोरीच्या पोटाचा लाल रंग त्यातूनच येतो, शरीर तो स्वतः तयार करत नाही. घरात वाढवलेल्यांचं पोट पिवळं राहतं त्याचं कारण हेच, लहानपणी त्यांना असलं खाणं कमी मिळालेलं असतं. म्हणून हळदीला पाणपिसवा जास्त. लेकीचा अंदाज: ३१ ऑगस्टपर्यंत पोट शेंदरी होईल. त्यासाठी दर रविवारी त्याच दिव्याखाली, त्याच पांढऱ्या बशीत फोटो.

५ ऑगस्ट, मंगळवार

गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीत ४१.८ अंश. जपानचा आजवरचा उच्चांक, बातम्यांत दिवसभर तेच. आपल्या घरात एसी असून दुपारी टाकीचं पाणी २७ वर गेलं. कुणी खाल्लं नाही. बकासुराने वास घेऊन तोंड फिरवलं, म्हणजे परिस्थिती गंभीरच.

यांना २० च्या आसपास बरं वाटतं. २५ च्या वर गेलं की अन्न नकोसं होतं, आणि जबरदस्ती करायची नाही. पाण्यावर वारा जाईल असा लहान पंखा लावला, पाणी उडून दोन-अडीच अंश उतरलं. रोज सकाळी उडालेलं पाणी भरून काढायचं, क्लोरीन काढलेलं. एसी रात्रंदिवस. विजेच्या बिलावर नवरा आणि मी बोलायचं टाळतोय.

९ ऑगस्ट, शनिवार

२३.५ अंश. तिघांनी खाल्लं. ठोंब्या चार तुकडे.

१६ ऑगस्ट, शनिवार

गोळ्यांचा प्रयोग. न्यूटसाठीचं बुडणारं खाद्य इथे सहज मिळतं: मासळीचं पीठ, क्रिल (कोळंबीसारखे बारके समुद्री जीव), गव्हाचं पीठ, वर जीवनसत्त्वं. मला हे सुरुवातीला पाकिटातलं खाणं म्हणून आवडत नव्हतं. आता मत थोडं बदललंय. अ आणि ड जीवनसत्त्वाची बाजू याने भक्कम होते, आणि आम्ही कधी चार दिवस गावाला गेलो तर शेजारणीच्या हातात गांडुळं देता येणार नाहीत. आठवड्यातून एकदा, दोन-तीन गोळ्या, बस्स.

हळदी लगेच खाते, तिला त्या काकांनी सवय लावलेली. बकासुर काहीही खाते. ठोंब्याने गोळी नाकाने ढकलत डबाभर फिरवली.

जे द्यायचं नाही ते लेकीने वेगळ्या रंगात लिहिलंय. दुकानातले जिवंत छोटे मासे नकोत, परजीवी येतात, आणि गोल्डफिशसारख्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. मीलवर्म (पिठातल्या किड्याच्या अळ्या) नकोत, कवच कडक आणि कॅल्शियम नावाला. कोंबडीचे, मटणाचे तुकडे नकोत, ते यांच्या पोटासाठी नाहीतच. आईंनी विचारलं, "आणि भाताचं शीत?" लेकीने तेही लिहिलं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

निशी-कासाईतल्या ओळखीच्या पाच घरी गणपती. एकवीस मोदक. खोबरं वहिनींकडून परत आलं आणि त्यांच्याकडेही पाच मोदक गेले, अपराधी भावनेने जरा मोठे.

दुपारी पाहुण्यांच्या पोरांनी टाकीभोवती गर्दी केली. एका चिमुरड्याने मोदकाचा तुकडा पाण्यात टाकला. बकासुराने तो घेतला, थुंकला, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. अर्धं पाणी रात्री बदललं.

३१ ऑगस्ट, रविवार

उद्या शाळा, आणि तक्ता आज रात्री बारा वाजता पूर्ण झाला. यात नवल नाही.

वजनं: बकासुर ७.१, ठोंब्या ३.९, हळदी ४.४.

हळदीचं पोट: पाच रविवारचे पाच फोटो ओळीने लावले. फरक शून्य. लेक हिरमुसली, एक फोटो "जरा शेंदरी करून" लावू का म्हणाली. आईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की वरून साहेब येणार म्हटलं की वजनं वाढवून लिहायचा मोह अंगणवाडीतही व्हायचा, आणि एका बाईने तसं केल्यावर एका लेकराला वेळेवर दवाखान्यात पाठवायचं राहून गेलं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि लेकीनेही विचारलं नाही. मग तिने लिहिलं: "माझा अंदाज चुकला. महिनाभरात रंग बदलला नाही."

१४ सप्टेंबर, रविवार

ठोंब्याच्या पंजावर जिथे बोटं तुटली होती तिथे ऑगस्टमध्ये नुसता गुळगुळीत फिकट उंचवटा होता. आज भिंगाखाली त्याला मधोमध खाच दिसतेय. दोन टोकं. साबुदाण्याच्या दाण्याएवढी, आरपार दिसावीत अशी.

आईंना दाखवलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार

आई परत गेल्या. सोमवारी घटस्थापना, त्याआधी घरी पोचायचं होतं. जाताना फ्रिजवर एक कागद चिकटवून गेल्या. हाताने रेघा मारलेला, प्रत्येकासाठी एक ओळ, महिन्याचे रकाने. वर लिहिलंय 'वाढ तक्ता', खाली तीन पट्टे स्केचपेनने रंगवलेत. हिरव्या पट्ट्याचे आकडे कुठून आणले विचारलं तर म्हणाल्या, तीन महिने बघितलं की मी.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाणी १९ अंश, पंखा काढून ठेवला. भूक सगळ्यांचीच वाढलीय.

सकाळी बाल्कनीतलं एक लहान गांडूळ धुऊन वाटीत ठेवलं होतं, कात्री शोधायला आत गेले. वाटी ठोंब्याच्या डब्यात कलंडली होती. परत आले तेव्हा गांडूळ तळाला वळवळत होतं आणि तो त्याच्यापासून बोटभर अंतरावर, मान तिरकी करून. ना तुकडे, ना लाल पाणी, ना चिमटा. मी दारातच उभी राहिले. टप्. अर्धं आत, अर्धं बाहेर. डावा पंजा उचलून त्याने बाहेरचा भाग बाजूला ढकलला, चार बोटांनी, त्यातली दोन आखूड आणि पांढुरकी. डोळे बुडाले, वर आले. दोन मिनिटं लागली.

व्हिडिओ कॉलवर आईंना हे सगळं रंगवून सांगायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं. "ते असू दे. वजन किती?"

४.२.

"हिरव्यात आला. लिही."

लिहिलं. बकासुर ७.०. हळदी ४.५, पोट अजून पिवळंच. गांडुळांचा डबा भरत आलाय, दुसरा घ्यायला हवा.